खाडीच्या अलीकडे

ठाण्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या पडवीत एक सूचना फलक असतो. हरवलेल्या माणसांचे फोटो, बेवारस दुचाक्यांची यादी, सायबर फसवणुकीचा इशारा, आणि या दाटीत टाचणीला लटकलेला, गोल शिक्का जरा पुसट उमटलेला एक कागद: मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७, पोटकलम १ व ३. खाली सही पोलीस उपायुक्त, विशेष शाखा यांची. मुदत पंधरा दिवस. मुदत संपली की नवा कागद येतो, तारखा बदलतात, मजकूर तोच. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते आणि ती वाचून कोणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही.

तो कागद एकदा सावकाश वाचण्यासारखा आहे. शस्त्रं, सोटे, भाले, तलवारी, काठ्या बाळगायला मनाई, हे समजतं. स्फोटक आणि दाहक पदार्थ, दगड जमा करणं, हेही समजतं. पुढे मात्र कलम रंगात येतं. प्रेतांचं किंवा प्रतिमांचं प्रदर्शन करायचं नाही. जाहीरपणे घोषणा द्यायच्या नाहीत, गाणी म्हणायची नाहीत, वाद्यं वाजवायची नाहीत. शांतता धोक्यात येईल अशी आवेशपूर्ण भाषणं, हावभाव, सोंगं आणायची नाहीत. सोंगं! कायदा १९५१ चा, पण भाषा इंग्रजी अमलातल्या पोलीस कायद्यांतून चालत आलेली. ती लिहिणाऱ्याला या मुलखाची चांगली ओळख असावी. इथे गाऱ्हाणं अर्जातून कमी आणि डफावर जास्त पसरतं, हे त्याला कळलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर या तिघा शाहिरांनी जे केलं, ते या एका कलमाच्या चार शब्दांत आधीच गुन्हा म्हणून नोंदवून ठेवलेलं होतं.

आणि शेवटी: पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी विनापरवानगी जमू नये, मिरवणूक काढू नये. पाचच का? तर दंड संहितेत बेकायदेशीर जमावाची व्याख्या पाचपासून सुरू व्हायची. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्येही आकडा तोच आहे. नाक्यावर चौघे उभे राहिले तर गप्पा, पाचवा आला की जमाव. लग्नाची वरात, अंत्ययात्रा, सहकारी संस्थेची सभा, सिनेमागृह यांना आदेशातच सूट असते. नाहीतर गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा उधळाव्या लागल्या असत्या, आणि तशी गरज काही सभांना असतेही.

गंमत बाजूला ठेवली तर या कागदाचं खरं काम वेगळं आहे. तो रोज कोणाला अडवत नाही. नाक्यानाक्यांवर पाचजण उभे असतात आणि कोणी हटकत नाही. पण कागद कायम लागू असल्यामुळे मूळ स्थिती मनाईची होते. सभा, मोर्चा, धरणं हे सगळे अपवाद ठरतात, आणि अपवाद देणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला असतो. हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, सरसकट बंदी घालता येणार नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांनी शिवलेली गोधडी सरसकट म्हणायची की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

सरकार कोणतंही असो, पहिल्या गर्दीची त्याला फारशी धास्ती नसते. पहिल्या गर्दीचं कारण माहीत असतं, नेता माहीत असतो, त्याचा मोबाईल नंबर गोपनीय शाखेच्या वहीत असतो. धास्ती असते ती दुसऱ्या गर्दीची. ज्या गावाचा त्या प्रश्नाशी थेट संबंध नाही तिथले लोक उठून रस्त्यावर आले की हिशेब बिघडतो. बंदोबस्ताची माणसं मोजकी असतात. एका ठिकाणी पाचशे शिपाई उभे करता येतात, पाच ठिकाणी शंभर-शंभर उभे केले तर पाचही ठिकाणी कमी पडतात. म्हणून आंदोलन पसरू न देण्याच्या सगळ्या युक्त्यांचं मूळ एकच आहे: पहिल्या गर्दीची आणि दुसऱ्या गर्दीची गाठ पडू द्यायची नाही. जागेत अंतर ठेवायचं, वेळेत अंतर ठेवायचं, बातमीत अंतर ठेवायचं. हार्वर्डच्या गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली चीनमधल्या सेन्सॉरशिपचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं ते हेच. सरकारवरची कडक टीका तिथे बऱ्याचदा तशीच राहू दिली जाते, पुसला जातो तो लोकांना एकत्र यायला लावू शकणारा मजकूर, मग त्यात सरकारची स्तुती का असेना. शिव्या चालतात, एकत्र येणं चालत नाही.

जागेतलं अंतर पाहायचं तर ठाणे आणि नवी मुंबईसारखी शाळा नाही. मंत्रालय बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि राज्यातून येणारा जवळपास प्रत्येक मोर्चा या दोन शहरांच्या अंगणातून जातो. मुंबईत रस्त्याने शिरायचे टोलनाके पाच: दहिसर, मुलुंडचे दोन (लालबहादूर शास्त्री मार्गावरचा आणि आनंदनगरचा), ऐरोली आणि वाशी. नाशिककडून येणारा भिवंडी-माजिवडा करत आनंदनगरला येतो, पुणे-मराठवाड्याकडून येणारा पनवेल-कळंबोली करत वाशीच्या पुलावर. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, पण त्यावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. कारण वेगाचं आणि सुरक्षेचं, तेही रास्तच. तरी ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तो पूल नाही, एवढं खरं. पुलाच्या तोंडाशी चार बस आडव्या लावल्या की मागे दहा किलोमीटर रांग लागते, आणि पुलाच्या मधोमध अडकलेल्या माणसाला डावीकडे-उजवीकडे कुठेच जाता येत नाही. म्हणून अनुभवी पोलीस अधिकारी पुलावर कधीच अडवत नाहीत, त्याच्या बऱ्याच अलीकडे अडवतात. जिथे मैदान आहे, पाणी आहे, माणसाला बसता येईल तिथे. बसलेला मोर्चा पुन्हा उठवायला आयोजकाला पहिल्यापेक्षा दुप्पट जोर लावावा लागतो.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च अडवला गेला नाही. ६ तारखेला नाशिकहून निघालेले आदिवासी शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत ठाण्यात आले आणि ११ तारखेच्या रात्री शीवजवळच्या सोमय्या मैदानावर टेकले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून ते मध्यरात्रीच उठून पुन्हा चालू लागले आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचले. त्या एका निर्णयाने सरकारच्या भात्यातला सगळ्यात भरवशाचा बाण, 'सामान्य नागरिकांची गैरसोय', निकामी झाला. सोललेल्या तळव्यांचे फोटो घरोघरी गेले, ठाण्या-मुलुंडच्या सोसायट्यांमधून लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन खाली उतरले. ही दुसरी गर्दीच होती, फक्त घोषणा न देणारी. १२ तारखेला संध्याकाळपर्यंत बहुतेक मागण्या लेखी मान्य झाल्या.

त्यातून सरकारं शिकली. मार्च २०२३ मध्ये तसाच मोर्चा पुन्हा निघाला तेव्हा दादा भुसे आणि अतुल सावे हे दोन मंत्री स्वतः वाटेत जाऊन भेटले, शिष्टमंडळ मुंबईत चर्चेला नेलं गेलं, आणि मोर्चा वासिंदला थांबला. वासिंद म्हणजे शहापूर तालुका, सीएसएमटीपासून रेल्वेने ८० किलोमीटर. ठाणे जिल्हा खरा, पण शहराच्या डोळ्याआड. थांबलेल्या मोर्चेकऱ्यांतल्या एका शेतकऱ्याचा त्या मुक्कामात मृत्यू झाला. १८ मार्चला मागण्यांच्या अंमलबजावणीचे आदेश हाती आल्यावर मोर्चा परत फिरला. लाठी नाही, बॅरिकेड नाही. पण तळव्यांचे फोटो या वेळी मुंबईच्या खिडक्यांखालून गेले नाहीत.

वाशीचा प्रकार याहून मोठा. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीहून निघाले. मुंबई पोलिसांनी कळवलं की आझाद मैदानाची क्षमता पाच-सहा हजारांची आहे, खारघरचं मैदान मोठं आहे, तिथे बसा. कागदावर ही सूचना अगदी शहाणपणाची दिसते. पण आंदोलनाची जागा ही त्याच्या मागणीचाच भाग असते. मंत्रालयापासून दीड किलोमीटरवर बसणं आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर बसणं यांत मैदानाच्या क्षेत्रफळाचा संबंध नाही. लोक वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत मुक्कामाला आले. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य, पाच बाजारांचा तो पसारा एका रात्रीत गाव झाला. गाळ्यांपुढच्या धक्क्यांवर अंथरुणं, लिलावाच्या शेडमध्ये चुली. २६ तारखेला दिवसभर चर्चा, रात्री उशिरा कुणबी दाखल्यासाठी 'सगेसोयरे' कोणाला म्हणायचं याची मसुदा अधिसूचना, आणि २७ ला सकाळी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून फळांचा रस. गुलाल उधळला, गाड्या उलट्या दिशेला वळल्या. मोर्चाने खाडी ओलांडली नाही.

त्या कागदावर 'मसुदा' हा शब्द होता, हे गुलाल उतरल्यावर लक्षात आलं. मसुदा म्हणजे हरकती, सूचना, मुदत, छाननी. फेब्रुवारीत विशेष अधिवेशनात दहा टक्के आरक्षणाचा वेगळा कायदा झाला, सगेसोयऱ्यांचा मसुदा मसुदाच राहिला. २९ ऑगस्ट २०२५ ला तेच जरांगे पुन्हा आले तेव्हा मात्र लोक थेट आझाद मैदानात उतरले. परवानगी होती ५,००० माणसांची, मैदानात पाच गाड्यांची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एका दिवसाची. चार दिवसांनी, २ सप्टेंबरला, उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला दिलेली मुदत आणि कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मानणारा शासन निर्णय एकाच दिवशी आले तेव्हा ते उठले. वाशीला मिळवलेलं अंतर दीड वर्ष टिकलं. एका कागदाच्या मानाने बरंच म्हणायचं.

वेळेतलं अंतर कसं राखतात, हे परवानगीच्या खिडकीवर दिसतं. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर पोच घ्यायची, आणि पोच घेताना तारखेबरोबर वेळही लिहून घ्यायची. नवखे आयोजक इथेच चुकतात. अर्जात विषय, दिवस, वेळ, मार्ग, कुठे सुरू, कुठे सांगता, किती माणसं, किती वाहनं, स्वयंसेवकांची नावं, ध्वनिक्षेपक किती. मैदान महापालिकेचं असेल तर तिचा ना-हरकत दाखला. नवी मुंबईत भूखंड सिडकोचा, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा निघाला तर दुसरी खिडकी. रस्ता व्यापणार असाल तर वाहतूक शाखेचा अभिप्राय, मंडप असेल तर अग्निशमनचा. प्रत्येक कार्यालय म्हणतं आधी दुसऱ्याचं आणा. वर हमीपत्र: काही अनुचित घडलं तर जबाबदारी माझी.

सगळ्यात अवघड रकाना 'अपेक्षित उपस्थिती'. कमी आकडा लिहावा तर जास्त आलेल्या प्रत्येक माणसागणिक अटभंग. खरा लिहावा तर 'मैदानाची क्षमता अपुरी'. आणि आकडा आयोजकाला विचारून पोलीस त्यावर विसंबतात असंही नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक गोपनीय अंमलदार असतो, साध्या कपड्यातला, बहुधा त्याच भागात वर्षानुवर्षं असलेला. बॅनर किती छापायला टाकले, मंडपवाल्याकडे खुर्च्या किती सांगितल्या, वडापावची ऑर्डर किती, बस कुठून ठरल्या, यावरून त्याचा अंदाज आयोजकाच्या अंदाजापेक्षा खरा निघतो. बस हा सगळ्यात कच्चा दुवा. खासगी बसवाल्याला परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी असे दहा कागद सांभाळायचे असतात. त्यातला एखादा तपासायला निघणार असं कानावर आलं तरी सकाळी ड्रायव्हरच्या पोटात दुखायला लागतं.

उत्तर येतं आदल्या संध्याकाळी. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे.' रात्री आठ-नऊला शिपाई घरी येऊन सही घेतो. तोवर कोर्ट बंद, वकील घरी. शुक्रवारी संध्याकाळी आलं तर सोमवारपर्यंत काही करता येत नाही, आणि मोर्चा रविवारचा. त्याच लिफाफ्यात दुसरा कागद असतो, ज्याला सगळे अजून '१४९ ची नोटीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते तिचं कलम १६८ झालं, जिभेला मात्र जुनाच आकडा. मजकूर ठरलेला: आपण आंदोलन केल्यास व त्यातून दखलपात्र गुन्हा घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, आणि ही नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. पहाटे यायचं ठरवलंच तर कलम १७० आहे, जुनं १५१. संभाव्य गुन्हा टाळण्यासाठी ताब्यात घ्यायचं, एरवी चोवीस तासांच्या आत सोडायचं. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी सकाळी सहाला उचललेला कार्यकर्ता संध्याकाळी सहाला चहा पाजून सोडलेला असतो. गुन्हा नाही, खटला नाही, दौरा सुरळीत.

लोक घाबरतात ते चोवीस तासांना नाही. घाबरतात 'चॅप्टर'ला. कलम १२६ (जुनं १०७) खाली शांतता राखण्याचं बंधपत्र, एक वर्षापर्यंत. आयुक्तालयात सहायक पोलीस आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून त्याची सुनावणी घेतात, म्हणजे बोलावणारा आणि ऐकणारा एकाच इमारतीतला. शिक्षा काही नसते, तारखा असतात. दर तारखेला एक खाडा, एक जामीनदार, झेरॉक्सचे पैसे. रबाळे-महापेच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या मुलाला महिन्यातले तीन खाडे परवडत नाहीत. वर पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी, पासपोर्टची चौकशी. पुढच्या मोर्चाला तो नाक्यावरून हात करतो, रांगेत येत नाही. त्याहून पुढे तडीपारी, पोलीस अधिनियमाची कलमं ५५ ते ५७, दोन वर्षांपर्यंत हद्दपार. ती गुंडांसाठी आहे असं म्हणतात. पण 'जीविताला वा मालमत्तेला धोका' ही शब्दरचना रुंद आहे आणि संघटनेचा माणूस तिच्यात सहज मावतो.

ही सगळी यंत्रं एका गृहीतावर चालतात: आंदोलनाला नेता असतो. नोटीस बजावायला नाव लागतं, दार लागतं. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात ते गृहीत कोसळलं. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घ्यायला झालेला उशीर लोकांना कळला, आणि सकाळी शाळेपुढे जमलेली माणसं रुळांवर जाऊन बसली. ठरलेला नेता कोणी नव्हता. मंत्री गिरीश महाजन समजूत काढायला आले, पण शिष्टमंडळ म्हणून आत नेणार कोणाला? अंबरनाथच्या पुढे लोकल सुमारे दहा तास बंद. शेवटी संध्याकाळी लाठीमार करून रूळ मोकळे केले आणि त्या भागातलं इंटरनेट बंद केलं. जमलेल्यांत बाहेरचे होते, हे वाक्यही आलं. ते प्रत्येक वेळी येतं, कारण 'बाहेरचे' म्हणजे दुसरी गर्दी, आणि ती येऊन पोहोचल्याची ही एक प्रकारे कबुलीच असते. विरोधी पक्षांनी २४ तारखेला महाराष्ट्र बंद पुकारला. २३ ला उच्च न्यायालयाने बंद करायला मनाई केली. २४ ला नेते तोंडाला काळी फीत बांधून बसले. चार दिवसांत संताप रुळांवरून काळ्या फितीवर आला होता.

इंटरनेट बंद करणं म्हणजे कोणीतरी बटण दाबतं असं वाटतं. खरं तर तो कागदच असतो. राज्याच्या गृहसचिवांचा कारणांसह लेखी आदेश, तो पोलीस अधिकाऱ्यामार्फत दूरसंचार कंपन्यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, तिथून टॉवरवार बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानंतर आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक झालं, पुढे पंधरा दिवसांची कमाल मर्यादा नियमांत आली. हा आकडा पंधरा फार लाडका दिसतो. बारकावे पुढेच. टॉवरचा परीघ महापालिकेच्या हद्दीप्रमाणे थांबत नाही, म्हणून बंद भागाच्या कडेला शेजारच्या टॉवरची रेंज झिरपते. घरातलं वायफाय बऱ्याचदा चालूच राहतं. बंद पडतो तो भाजीवाल्याचा क्यूआर कोड, रिक्षावाल्याचं ॲप, आणि पोलिसांचे स्वतःचे व्हॉट्सॲप गट, ज्यांवर बंदोबस्ताचे अर्धेअधिक निरोप फिरतात. म्हणून कधी कधी सरसकट बंदऐवजी वेग उतरवला जातो. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० नंतर वर्षभर टूजी दिलं होतं, फोरजी परत आलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. टूजीवर शब्द जातो, व्हिडिओ जात नाही. अफवा शब्दाची असते आणि तिला खोडणारा पुरावा बहुधा व्हिडिओचा, याचा विचार त्यात नसतो.

आणि उलटतं तेव्हा जोरात उलटतं. इजिप्तने २०११ च्या जानेवारीअखेर देशभराचं इंटरनेट बंद केलं. घरी बसून पडद्यावर पाहणारे लोक पोरं कुठे आहेत ते शोधायला बाहेर पडले, आणि बाहेर पडलेले तिथेच थांबले. दोन आठवड्यांत मुबारक गेले. नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ ला तरुण रस्त्यावर, पहिल्याच दिवशी १९ मृत्यू, ९ ला पंतप्रधान ओलींचा राजीनामा. भ्रष्टाचाराबद्दल चिडलेला एक गट होता, काठमांडूला अडकलेला. फोन बंद करून सरकारने प्रत्येक घरातल्या मुलाला त्याचं स्वतःचं एक कारण दिलं. दुसरी गर्दी सरकारनेच जमवली.

गोळी हा सगळ्यात महागडा उपाय, आणि त्याचा जमाखर्च नवी मुंबईने जितका पाहिला तितका फार थोड्या शहरांनी पाहिला असेल. उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला. त्याच तालुक्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे भागात गोळ्या चालल्या. पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना निघाली. पण हिशेब तिथे मिटला नाही. दरवर्षी त्या तारखांना जासईला लोक जमतात. २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला दिबांचं नाव देण्याचा प्रश्न आला तेव्हा १० जूनची मानवी साखळी आणि २४ जूनचा, दिबांच्या स्मृतिदिनाचा, सिडको घेराव या दोन्हींना माणसं जमवायला वेगळा प्रचार लागला नाही. कोरोनाचे निर्बंध होते, बेलापूरचे रस्ते बंद होते, तरी गावंच्या गावं आली. सदतीस वर्षांनी. १९८४ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती पोरं. वेळेतलं अंतर वाढवून आंदोलन विझतं हा नियम गोळीबाराला लागू पडत नाही.

म्हणून हल्ली शेवटचा डाव बहुधा पैशाचा आणि फाइलचा असतो. एसटीच्या २०२१-२२ च्या संपात महामंडळाच्या शासनात विलीनीकरणाची मागणी एक, आणि सरकारचं उत्तर २४ नोव्हेंबरची पगारवाढ: मूळ पगारात कमी सेवा झालेल्यांना जास्त, जुन्यांना कमी. सोबत निलंबन, बडतर्फी, बदल्या. एकाच डेपोत दोन रांगा पडल्या. काही आगारांतून गाड्या सुटू लागल्या, पण पुष्कळ लोक तरीही बसून राहिले, आणि संप मिटला तो उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर व्हायला सांगितल्यावर. विलीनीकरणासाठी समिती नेमली होतीच. समिती हा वेळेतल्या अंतराचा सरकारी सुबक प्रकार.

आंदोलन मिटताना एक मागणी हमखास असते: गुन्हे मागे घ्या. त्यालाही हो म्हटलं जातं आणि टाळ्या पडतात. शासन निर्णयातल्या अटी नंतर वाचल्या जातात. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. मग प्रत्येक गुन्हा समितीपुढे, तिथून सरकारी वकिलाचा अर्ज, आणि शेवटी संमती न्यायालयाची. यादीत आजी-माजी आमदार-खासदार असला तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते. नेत्याचं नाव गुन्ह्यात असणं कार्यकर्त्याला संरक्षण वाटायचं, आता त्याच नावामुळे कार्यकर्त्याची फाइल अडते.

या सगळ्याला कोर्टात आव्हान देता येतं. बीड जिल्ह्यात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या धरण्याला कलम ३७ च्याच आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला, आणि एखाद्या कायद्याला विरोध करायचा म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही असंही सांगितलं. असे निकाल थोडे आहेत, आणि त्याचं कारण न्यायाधीशांपेक्षा कॅलेंडरमध्ये आहे. आदेशाची प्रत मिळवायला दोन दिवस, याचिका तयार व्हायला तीन, बोर्डावर यायला आठवडा, सरकारी वकील वेळ मागतात त्याचे चार. तोवर पंधरा दिवस होतात, आदेश आपोआप संपतो, आणि संपलेल्या आदेशाविरुद्धची याचिका निरर्थक म्हणून निकालात निघते. संपण्याची वेळ आदेशातच दिलेली असते, रात्री २४.०० वाजेपर्यंत. पुढचा आदेश लागू होतो ००.०१ पासून.